नदीकाठची मागची बाजू

उन्हाळ्याच्या तोंडाला मामीकडे गेलो होतो. मागचं दार उघडलं आणि पायरीवरच थबकलो. कपडे वाळत घालायच्या तारेचा पलीकडचा खांब तारेलाच लोंबकळत नदीवर हलत होता. त्याच्याखालची जमीन गेली होती.

"धरणाचं पाणी सोडलं नि काल दुपारी गेली," मामी म्हणाली. "आम्ही जेवत होतो. धप्पकन आवाज झाला. मामांनी मान वर केली नि परत जेवायला लागले."

माझ्या लहानपणी या दारातून नदी दिसत नसे. मध्ये भुईमुगाचं शेत होतं. खालच्या अंगाला वाळूचा उपसा सुरू झाला आणि नदी काठ खात वर सरकली. माती धरून ठेवायला मामीने वाळा लावला, बांबू लावले. मातीबरोबर तेही गेले. घर पुढे घ्यावं तर अंगणाला लागून हमरस्ता. विकावं तर घेणार कोण? आगीतून माणूस पळतो, पुरातूनही पळतो. पण पायाखालची माती इतक्या सावकाश जात असेल, तर त्याने नेमकं कुठल्या दिवशी निघावं? प्रत्येक दिवस राहण्याजोगाच वाटतो.

पलीकडच्या काठाला गाळाची नवी जमीन तयार झाली होती. तिच्यावर कुणीतरी काकडीचे वेल लावले होते.

"आपलीच माती ती," मामी म्हणाली. "त्यांनी होडीतून काकड्या पाठवल्या. गोड होत्या. त्यातली एक जून निघाली, तिचं बी ठेवलंय मी."

मग तिने मलाच विचारलं, "पण लावू कुठं?"