द्राक्षाच्या पेटीवरून गळलेलं लेबल

भाऊसाहेबांनी गळून पडलेली मूठभर लेबलं माझ्या टेबलावर आपटली. "मॅडम, ह्याला गोंद म्हणायचं का थुंकी?"

ओझरच्या पुढे त्यांचं पॅकहाऊस. आसपासच्या शेतकऱ्यांची द्राक्षं तिथे पेट्यांत भरून युरोपला जात. बाग कोणाची, हे पेटीवरच्या लेबलवरूनच कळे. लेबल नसलं की तिकडे पेटी बेवारस. मागच्या कंटेनरमधल्या बऱ्याच पेट्या तशा नाकारल्या गेल्या होत्या. पुन्हा असं झालं तर सीझनभर माल घेणार नाही, असं व्यापाऱ्याने बजावलं होतं.

मी अंबडच्या लेबल कंपनीत क्वालिटी बघत होते. साठेसाहेब, आमचे बॉस, खूश झाले. "त्यांना फ्रीजर ग्रेड दे, थंडीत चिकटणारं लेबल. महाग आहे, पण आता झक मारून घेतील."

"साहेब, हेच लेबल आपण पेटीला लावून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलं होतं. हललं नाही."

"मग पेट्याच खराब असतील त्यांच्या."

वा रे न्याय! मी चिडून दुसऱ्याच दिवशी ओझरची गाडी धरली.

हॉलमध्ये पेट्या भरून तयार होत्या, पण लेबल एकीवरही नव्हतं.

"भाऊसाहेब, लेबलं लावता कुठे?"

"आत, कोल्ड स्टोरेजमधी. तिथल्या तपासणीत चार पेट्या बाद होत्यात. त्यांच्यावर लेबल कशाला वाया घालवायचं? पास झाली की लावतो."

मला हसावं की रडावं कळेना. गोंदाला दोन तापमानं सांभाळावी लागतात. लावताना किती थंडी चालते हे एक, आणि चिकटल्यावर किती थंडी सोसते हे दुसरं. एकदा पुठ्ठ्यात मुरला की आमचा गोंद शून्याखालीही सोडत नसे. पण लावतानाच पुठ्ठा गार आणि दमट असेल तर तो मुरतच नाही, नुसता टेकून राहतो.

मी एकाच रोलमधली लेबलं घेतली. काही हॉलमध्ये कोरड्या पेट्यांवर तळव्याने दाबून लावली, काही आत जाऊन गार पेट्यांवर. मग सगळ्या पेट्या आतच ठेवल्या. सकाळी भाऊसाहेबांनी स्वतः नख लावलं. आत लावलेली अलगद हातात आली. हॉलमधली ओढली तर पुठ्ठ्याचा पापुद्रा निघाला.

"आयला," एवढंच म्हणाले.

पुढच्या कंटेनरची लेबलं हॉलमध्येच लागली. जहाज पोचलं आणि भाऊसाहेबांचा फोन आला. "मॅडम, एक बी सुटलं नाय!"

साठेसाहेबांनी तोंड वाकडं केलं. "म्हणजे आपण नवीन काहीच विकलं नाही?"

लेबल कुठे राहणार, हे गिऱ्हाईक आपणहून सांगतं. कुठे लावणार, हे जाऊन बघावं लागतं. पुढच्या सीझनला भाऊसाहेबांची ऑर्डर आली, त्याच साध्या लेबलची. "दोन रोल जादा टाका," म्हणाले, "बाद व्हणाऱ्या पेट्यांसाठी."