शोभाताई आणि गुरुवारची बैठक

शोभाताई सोळुंके यांची आणि माझी पहिली भेट रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात झाली. मी समुपदेशक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ताई तिथल्या ज्येष्ठ समाजसेविका, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी माझे नाव विचारले, गाव विचारले आणि म्हणाल्या, "जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास बसता येतं ना? मग चला." तेव्हापासून मी त्यांच्यामागे चालते आहे. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहिताना खरे सांगायचे तर आम्ही दोघीही दमलो आहोत. या कामात माणूस दमतोच. ताईंनी ते कधी लपवले नाही.

त्या निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. करमाडच्या पुढच्या एका वस्तीतला लग्नाहून परतणारा टेम्पो पुलावरून खाली गेला. जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी गेले. पुढारी आले, झोपेच्या गोळ्या वाटल्या गेल्या. तेरावे उरकल्यावर मात्र रस्ता ओस पडला. ताईंनी जायला सुरुवात केली ती तेव्हा. दर गुरुवारी दुपारी मारुतीच्या सभामंडपात सतरंजी टाकून बायकांसोबत गोल करून बसायचे. जिला बोलावेसे वाटेल तिने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, सल्ला कोणी द्यायचा नाही. पहिले कित्येक गुरुवार कोणी बोललेच नाही. मी अस्वस्थ व्हायचे. ताई म्हणायच्या, "अगं, एकत्र गप्प बसतायत. घरी त्या एकेकट्या गप्प होत्या."

टेम्पो चालवणारा अंकुश त्याच वस्तीतला (नावे बदलली आहेत). तो वाचला. त्याच्या आईशी, कौसाबाईंशी, कोणी बोलेना. त्या हापशावर आल्या की बाकीच्या घागरी उचलून निघत. "ती इथं बसली तर आमी उठून जाऊ," सुलोचनाने ताईंना तोंडावर सांगितले. तिची शाळकरी लेक टेम्पोत होती. ताईंनी वाद घातला नाही. बैठक संपली की त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कौसाबाईंच्या ओट्यावर जाऊन तेवढाच वेळ बसत.

काही महिन्यांनी सुलोचनाने त्यांना वाटेत अडवले. "काय बोलता तुमी तिच्यासंगं?"

"इकडचं तिकडं नेत नाही मी. तूच विचार."

सुलोचना आमच्या मागोमाग आली आणि अंगणात उभी राहिली. कौसाबाई ओट्यावरून उठल्या. म्हणाल्या, "मला मार, पर बोल."

सुलोचना मटकन खाली बसली. म्हणाली, "लई दमले बाई मी. तुझा राग करून करून लई दमले."

परतताना गाडीत ताईंनी चिकलठाण्यापर्यंत डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या गुरुवारी सुलोचना कौसाबाईंना हाताला धरून घेऊन आली. बाकीच्यांतल्या दोघी जणी उठून गेल्या. त्यांतली एक काही आठवड्यांनी परतली, दुसरी आजतागायत आलेली नाही. ताई तिच्या घरी वेगळ्या जाऊन येत. अंकुश पुष्कळ दिवस मंडपाबाहेर घुटमळायचा. एके दिवशी तो आत आला आणि गेलेल्यांची नावे एकेक करून घेऊ लागला. सुलोचनाच्या लेकीच्या नावाशी तो थांबला. तेव्हा ते नाव सुलोचनानेच घेतले. आज तो शेंद्र्याला कारखान्यात कामाला जातो. गाडी चालवत नाही. सगळे बरे झाले असे मी लिहिणार नाही. ताईंना ते खपणार नाही.

माझे वडील गेले तेव्हा ताई घरी आल्या, सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, पिठलं-भाकरी केली आणि मला समोर बसवून जेवू घातले. निघताना एवढेच म्हणाल्या, "उद्या पण येते." आणि आल्या.

अलीकडेच बिडकीनजवळच्या एका गावातून अशाच दुर्घटनेचा निरोप आला. ताई पिशवी घ्यायला उठल्या आणि गुडघे धरून पुन्हा खुर्चीत बसल्या. "या वेळी तुम्ही जा. मला नाही होत आता." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या आम्ही सगळ्या गेलो.

ताई, आपण खूप जगावे, आणि तेही चालत्याफिरत्या, दुखण्यावाचून. पण यापुढचे आयुष्य थोडे स्वतःच्या वाट्याला येऊ द्या. गुरुवारी दुपारी आता झोपत जा. कोणी दार वाजवलेच, तर एखाद्या दिवशी उघडू नका. आम्ही आहोत.