कॉम्प्रेसर मीच मारला

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या मे महिन्यात तो नाकावरून हातात उतरला.

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात वडील, सगळ्यांचे आबा, हिवाळ्यापासून अंथरुणावर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. यांना ऊन सोसणार नाही, खोली थंड ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून आम्ही आयुष्यात पहिल्यांदा एसी घेतला. ऐन उन्हात तो बंद पडला आणि वडील माशासारखे तडफडू लागले.

पहिला मेकॅनिक दारातूनच म्हणाला, गॅस गेलाय, नऊ हजार. दुसऱ्याने आतलं सर्किटचं कार्ड जळल्याचं सांगितलं, बावीस हजार. एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर होतं, पण वर दोघांपैकी एकही चढला नव्हता. दोघांनाही मी शिव्या घालून हाकललं. वडिलांच्या कपाळावर ओला पंचा ठेवताना माझंच डोकं जास्त तापत होतं.

तिसरा वर चढला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात ओलं गोणपाट होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीला गोणपाट गुंडाळून भिजवतात, पाणी गार राहतं. मी एसीच्या बाहेरच्या युनिटलाही तसंच चारी बाजूंनी गुंडाळलं होतं आणि रोज सकाळी त्यावर बादलीभर पाणी ओतत होतो. वर शेजाऱ्यांनाही अक्कल शिकवत होतो.

"भाऊ, गरम हवा बाहेर पडायची वाटच तुम्ही बांधून टाकली," तो म्हणाला. "कॉम्प्रेसर मारला तुम्ही. साडेअठरा हजार लागतील."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी ओरडलो. खरं तर तो बरोबर बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच मी त्याची कॉलर धरली. फाटकावर त्याचं डोकं आपटलं. तो 'भाऊ, भाऊ' म्हणत राहिला, मी मारत राहिलो. ओठ फाटला, शर्टावर रक्त आलं. त्याच्या पिशवीतून पाना पडला, तोच मी उचलला. आई मध्ये पडली नसती तर तो त्याच्या डोक्यात घातला असता. मारताना मला बरं वाटत होतं. सांगायला लाज वाटते, पण वाटत होतं. आतून वडिलांचा घोगरा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन करत सुटलो. मेकॅनिक लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, हे मला माहीत नव्हतं. पत्ता सांगितला की समोरचा विचारायचा, "ते मारणारं घर का?" आणि फोन ठेवायचा. भुसावळहूनसुद्धा कुणी यायला तयार होईना. वडिलांना ताप चढला. मी पाणी पाजायला गेलो की ते डाव्या हाताने मला ढकलायचे. आईच्या हातून मुकाट्याने प्यायचे. एकदा त्यांनी वाटी उडवली आणि माझा हात त्यांच्यावरही उगारला गेला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मीच घाबरलो.

तिसऱ्या दिवशी मी त्या मार खाल्लेल्या मेकॅनिकच्या घरी गेलो. ओठाला टाके होते. मी माफी मागितली. तो ऐकत होता, पण उंबऱ्यापासून दोन पावलं मागे उभा राहून.

"आबांसाठी करून देतो," तो म्हणाला. "पण तुम्ही घरात नको. गावातच नको."

मी धुळ्याला बहिणीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. नवा कॉम्प्रेसर बसला होता.

"खोली थंडगार व्हयनी," ती म्हणाली. "तुना बापले झोप लागनी शे. चार दिनमा पयलांदा."

माझे डोळे भरून आले. आताच्या गाडीने निघतो म्हणालो.

पलीकडे आईने खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"नको येऊ," ती म्हणाली. "तुना आवाज ऐकीसन दचकतस आबा. ऱ्हाय तठेच."