गढीच्या ओट्यावरचा झेंडा

आमचं सगळं घर शेतात राबायचं, पण शेत आमचं नव्हतं. बाबा वर्षभराच्या धानावर दुसऱ्याकडे नोकर होते. आमच्याकडे नोकर म्हणजे ऑफिसातला नव्हे. बैलांच्या आधी उठणारा आणि बैलांना चारा टाकून मग जेवणारा माणूस. माय रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जायची. श्रावण लागेपर्यंत घरातलं धान संपलेलं असायचं आणि नवं यायला दिवाळी उजाडायची. मधल्या दिवसांत पातळ पेज आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. दिवसभर चिखलात उभं राहून मायच्या पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या. संध्याकाळी चुलीपाशी बसून ती त्यात हळद-तेल भरायची. मी पुस्तक घेऊन बाजूला असायची.

"दुखते का माय?"

"तू वाच."

मी शाळेत गेले ती दुपारच्या खिचडीसाठी. हे सांगायची मला लाज नाही. खिचडीमागून अक्षरं आली.

आमचा टोला, म्हणजे गावाबाहेरची आमची वस्ती, आणि मूळ गाव यांच्यामध्ये गढी आहे. आहे म्हणजे मातीच्या बुरुजाचा ढिगारा, त्यावर माजलेली सीताफळं आणि चिंचेखाली एक उंच दगडी ओटा. या ओट्यावर जमीनदाराची कचेरी भरायची. इंग्रजांच्या काळात राखीव जंगलातलं गवत कापलं म्हणून आसपासची माणसं धरून याच ओट्यासमोर उन्हात बसवली होती, असं म्हातारे सांगतात. त्यामुळे आमच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंडे दोन. एक ग्रामपंचायतीसमोर, दुसरा गढीवर.

माझे आजोबा गढीवर वेठीला जायचे. ओट्याच्या खाली उभं राहायचं आणि वर बघायचं नाही. जमीनदारी केव्हाच गेली. जमीनदारांची पुढची पिढी नागपूरकडे निघून गेली. आता ओट्यावर शेळ्या बसतात आणि कुणी कुणाला अडवत नाही. तरी आमच्या टोल्यातला वयस्कर माणूस गढीपाशी आला की चप्पल हातात घेतो. बाबाही घ्यायचे. पंधरा ऑगस्टला टोल्याची माणसं चिंचेच्या पलीकडे उभी राहायची, बुंदी मिळाली की मागच्या मागे परतायची. ओट्यावर चढायचं नाही असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि टोल्यातलं कुणी चढलेलं पाहिलंही नाही.

मी गोंदियाला कॉलेज केलं, शहराला लागून असलेल्या फुलचूरला आणखी दोघींबरोबर खोली करून. बी.ए. झाले. टोल्यातली पहिली. हे मी अभिमानानं लिहिते; कुणाला घमेंड वाटली तर वाटू दे. निकाल लागला तोवर बाबांनी नोकरी सोडून ठेक्यानं थोडी जमीन कसायला घेतली होती. घरात पेज होती, पण रोज पेजच नव्हती.

ग्रामसभेत विषय निघाला, की यंदा गढीवरचा झेंडा टोल्यातल्या पहिल्या ग्रॅज्युएटच्या हातून व्हावा. मी उभी राहिले आणि बोलून गेले, "माझ्या नको. माझ्या बाबांच्या हातून होऊ द्या." टाळ्या पडल्या. बाबा सभेत नव्हते, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करत होते.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई आमच्या बांधीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन उभ्या राहिल्या. "काका, पंधरा ऑगस्टले गढीवर झेंडा तुमच्या हातानं. पक्का झाला."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा वाकून परे लावायला लागले. परे म्हणजे धानाची रोपं. सरपंचबाई गेल्यावर म्हणाले, "मी नाही चढत तिथं."

"काऊन?"

"नाही चढत म्हणजे नाही चढत. खालतून हात जोडीन."

माय पलीकडच्या ओळीत होती. ती कंबर सरळ करून म्हणाली, "मोहाच्या झाडावर माकडासारखा चढते. कौलं फिरवाले छपरावर चढते. अन् चार पायऱ्या चढाले पाय मोडले का तुझे?"

"झाडावर कोणी पाहून राहत नाही," बाबा म्हणाले.

मी परे उचलून मायच्या ओळीला लागले. नंतर गावात वाणसामान आणायला गेले तर दुकानाच्या बाकावर एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "टोल्याच्या माणसाले बोलावून पाहा. येत असन तर येईन, नाही तर बैल सोडाले जाईन." बाकीचे हसले. त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. पण मला कळलं की बाबा आले नाहीत तर पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही, आणि कारणही तयार असेल: विचारलं होतं, तेच आले नाहीत. मग आमचा टोला चिंचेपलीकडे उभा राहायचा तो तसाच राहील. आणि हे सगळं माझ्या तोंडातून निघालेल्या एका वाक्यानं झालेलं असेल.

मी घरी रोज विषय काढायची. बाबा रोज दुसरं काहीतरी बोलायचे. खत आलं का. बांधीत खेकड्यानं बीळ केलं. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, मी शिकली ते कायले मग?"

त्यांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "तू शिकली ते चांगलं झालं, बाई. पण मले नोको शिकवू."

त्यानंतर मी विचारणं सोडलं. त्यांचा पांढरा सदरा धुतला, वाळवला आणि खुंटीला टांगला. त्यांनी तो पाहिला. विळा उचलून बाहेर गेले. ते होय होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. मी उठले तर खुंटीवर सदरा होता आणि बाबा घरात नव्हते.

"पाळ फुटली म्हणे," माय म्हणाली. "पाणी वाहून जाऊन राहिलं. बांधून येतो म्हणून गेला."

"आजच फुटाची होती?"

"पाळीले कॅलेंडर दिसते का?"

पाळ खरंच फुटली होती की नाही, हे पाहायला शेतावर जावं असं मनात आलं. गेले नाही. तिथं पाळ धड दिसली असती तर मी काय केलं असतं? सदरा पिशवीत घातला आणि मायबरोबर गढीकडे निघाले.

गढीवर स्पीकर लागला होता. ओट्याच्या मधोमध लोखंडी खांब, त्याला कप्पी आणि दोरी. ग्रामपंचायतीच्या शिपायानं फुलं घालून झेंड्याची घडी बांधून ठेवली होती, पण पावसानं ती ओली होईल म्हणून पुन्हा उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घेतली होती. शाळेची मुलं आली. हेडमास्तर आले. पंचायतीसमोरचा झेंडा उरकून सरपंचबाईही आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "काका कुठं आहेत?"

"येऊन राहिले," मी म्हटलं.

दर थोड्या वेळानं त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी रस्त्याकडे. टोल्याची माणसं नेहमीसारखी चिंचेपलीकडे गोळा झाली. हेडमास्तर घड्याळ बघून खाकरले. शिपाई म्हणाला, "मॅडम, मी फडकवून देऊ का? पोरं भिजून राहिले." सरपंचबाई काही बोलणार, तेवढ्यात सीताफळांच्या आडून बाबा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. पाळ फुटली होती. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

बाबा ओट्याच्या खालीच थांबले. मी सदरा दिला, तो त्यांनी ओल्या बनियनवरच चढवला. शिपाई झेंड्याची घडी घेऊन खटपट करत होता. ओल्या दोरीत ती नीट बसेना. बाबांनी हात पुढे केला. "आण इकडं."

शिपायानं घडी आणि दोरीचं टोक खाली दिलं. बाबांनी फुलं आत सारली, घडी आवळली, दोरीचा वेढा दिला आणि गाठ मारली. हात किती सराईत चालले होते! गेल्या कित्येक दिवसांत मला प्रथमच थोडं बरं वाटलं. शिपायानं घडी वर चढवली आणि तो खाली उतरला. आता फक्त पायऱ्या राहिल्या.

"चला काका," सरपंचबाई म्हणाल्या.

बाबांनी पायांकडे पाहिलं. "चिखल आहे पायाले. ओटा खराब होईन."

"शेळ्या हागतात त्याच्यावर," माय मागून म्हणाली. "तुझ्या चिखलानं का बाटते तो? पाणी पडूनच राहिलं, धुवून निघन."

मुलं खी खी करून हसली. बाबाही जरा हसले, आणि त्या हसण्यातच पहिली पायरी चढले. मग दुसरी. ते वर पोचले. त्या रुंद ओट्यावर ते मला एकदम लहान दिसले. कुठं उभं राहावं ते त्यांना कळेना. खांबाच्या अगदी कडेला, जणू कुणाची तरी जागा सोडून उभे राहिले.

हेडमास्तरांनी मुलांना सावधान केलं. बाबांनी दोरी ओढली.

काही झालं नाही.

पुन्हा ओढली. वरची घडी गदगद हलली, पण उघडली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला आणि माझ्या लक्षात आलं. त्यांनी भाऱ्याची गाठ मारली होती. धानाच्या भाऱ्याला मारतात ती, ओढाल तितकी आवळणारी. आयुष्यभर त्यांच्या हातांनी सुटू नये म्हणूनच गाठ मारली होती. झेंड्याची गाठ एका हिसक्यात सुटायला हवी, हे त्या हातांना कोण सांगणार?

दुकानाच्या बाकावरचा तो माणूस गर्दीत होताच. "भारा बांधला का गा?"

या वेळी पुष्कळ जण हसले. आमच्या टोल्यातलेही काही हसले, घाबरून. बाबांच्या हातातली दोरी सैल झाली. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. ते खाली उतरणार होते. शिपाई चटकन वर चढला आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "काका, सरका. मी करतो."

त्यानं भल्यासाठीच म्हटलं. पण बाबा सरकले असते तर सगळं संपलं असतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, सरकू नका. माय पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

बाबा शिपायाकडे बघत राहिले. मग दोरी पुन्हा मुठीत घेतली.

"थांब गा. मी बांधलं, मीच सोडीन."

त्यांनी घडी हळूहळू खाली उतरवली. गाठ ओली, कच्च. नखांनी उकलेना, तसा सवयीनं त्यांनी ती तोंडाशी नेली.

"दात नोको लावू!" माय किंचाळली. "झेंडा आहे तो!"

बाबा दचकून थांबले. मी काही विचार न करता पळत गेले आणि घडीखाली दोन्ही हात धरले, कापड चिखलात पडू नये म्हणून. ते नखांनी गाठ उकलत होते, पाऊस आमच्या मानेवर पडत होता, त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. तेव्हा कुठं मला कळलं की मी ओट्यावर उभी आहे. बी.ए. झालेली मी, सगळ्यांना शिकवणारी, मीही आजवर इथं चढले नव्हते.

"पकडजो नीट," बाबा पुटपुटले. "हात नोको हलवू."

"थंडीनं हालून राहिले."

"माह्ये बी थंडीनंच."

गाठ सुटली. कण्हेरीची फुलं ओट्यावर पडली. माझ्या हातांत झेंडा उघडा झाला, आणि आता पुन्हा घडी घालायची की काय ते दोघांनाही कळेना. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते खालूनच म्हणाले, "तसाच चढवा. पंधरा ऑगस्टले खालूनच वर न्यायचा असते, आपणच आळशीपणा करतो."

खरं की आमची अब्रू राखायला बोलले, ते मी त्या क्षणी विचारलं नाही. बाबांनी झेंड्याचं वरचं टोक दोरीला अडकवलं आणि ओढायला लागले. हिसका नाही, घाई नाही. विहिरीतून बादली ओढावी तसे एका हातामागून दुसरा हात. कप्पी कुरकुरली. झेंडा माझ्या डोक्यावरून गेला, चिंचेच्या खालच्या फांदीपर्यंत गेला, तिथं क्षणभर अडला. गर्दीतून कुणीतरी "आई गं" म्हटलं. बाबांनी दोरी थोडी सोडली, बाजूला सरकून पुन्हा ओढली. झेंडा फांदीच्या वर निघाला आणि खांबाच्या टोकाला जाऊन लागला. ओला होता, जड होता. मग वारा आला.

मुलांनी राष्ट्रगीत सुरू केलं. बाबांना शब्द येत नाहीत. ते हात बाजूला ताठ धरून उभे होते, आता खांबाच्या कडेला नव्हे, मधोमध. त्यांच्या पायाखाली चिखलाचं पाणी पसरलं होतं.

राष्ट्रगीत संपल्यावर बुंदीची परात आली. शिपायानं ती ओट्यावर ठेवली. चिंचेपलीकडची माणसं उभीच होती. माय त्यांच्याकडे वळून म्हणाली, "का पाहून राहिले? बुंदी उडून येणार आहे का तिथं?" आधी एक म्हातारी आली, चप्पल हातात घेऊन. मग तिच्या मागून सगळे आले आणि पाऊस असतानाही ओट्यावर बसून खाल्लं.

त्या पंधरा ऑगस्टला आमच्या टोल्यातल्या माणसानं पहिल्यांदा गढीच्या ओट्यावरून झेंडा चढवला. तो माणूस माझा बाप होता.