काळ्या चौकटी

आमच्या भाचीला गल्लीत सगळे कॅलेंडरबाई म्हणतात. म्हणू देत. ज्यांना स्वतःच्या लेकराचा वाढदिवस आठवत नाही ती माणसं हसणारच. माझं इस्त्रीचं दुकान खाली, आणि वर माझा धाकटा भाऊ, भावजय आणि ही त्यांची एकुलती एक पोर. घर माझ्या नावावर आहे. ते आत्ताच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल.

भाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. जनावराचं अख्खं धड खांद्यावर घ्यायचं आणि हुकाला अडकवायचं, दिवसभर हेच. तिथे त्याला पैलवान म्हणतात. बाहेर एकदम गोड माणूस. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर धक्का मारायला हा पहिला. आणि घरात? घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. भाजीत मीठ कमी, मारलं. जास्त, मारलं. बरोबर पडलं तर 'आज काय विशेष, कोण येऊन गेलं?' म्हणून मारलं. भावजयीचे पुढचे दोन दात त्याने कुकरच्या झाकणाने पाडले. दुसऱ्या दिवशी तोंडावर हात धरून ती दुकानात आली आणि मला म्हणते, "वन्सं, कुणाला सांगू नका. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात राहिलेत कुठे तुझे, म्हणी कसल्या सांगतेस!" मी ओरडले. मग दोघी हसलो, मग ती रडली, आणि माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शमलेला नाही.

मी काही गप्प बसणारी नव्हे. वरून आवाज आला की प्लग उपटायचा आणि गरम इस्त्री हातात घेऊन जिना चढायचा. मला बघून तो हात खाली घ्यायचा. लहानपणी मी त्याला बदडलेलं त्याच्या लक्षात आहे. पण मी खाली उतरले की दार लागायचं आणि राहिलेलं पुरं व्हायचं. पोलिसांत चल म्हटलं की भावजयीचं एकच, "पोरीचं शिक्षण होऊ दे, मग बघू." सगळं त्या शिक्षणापाशी येऊन अडलेलं. पोरगी पदवी घेणार, कुठल्यातरी लॅबमध्ये नोकरी धरणार, आणि मग दोघी बाहेर पडणार. भावाला कुणकुण लागलेली असावी. कॉलेजात नाव घातलं त्याच दिवशी त्याने बजावलं, "एकदा जरी नापास झालीस तर कॉलेज बंद. माझ्याबरोबर पॅकिंगला यायचं." म्हणजे एक परीक्षा बुडाली की आई-लेक दोघी जन्माच्या अडकल्या. इतकं साधं गणित होतं.

तर कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एका मॅडमनी सगळ्या पोरांना हॉलमध्ये बसवून वेळेचं नियोजन शिकवलं. भिंतीवर कॅलेंडर लावा म्हणाल्या. आधी ते लिहा जे तुमच्या हातात नाही, जे हलवता येत नाही. मग त्याच्या आजूबाजूला तुमची कामं बसवा. बाकीच्या पोरांनी लेक्चरं लिहिली, परीक्षा लिहिल्या. आमच्या पोरीने टायरवाल्याकडून फुकट मिळालेलं कॅलेंडर फ्रिजशेजारी खिळ्याला अडकवलं आणि बापाची ड्युटी लिहिली.

त्याची सुट्टी सरकती. या आठवड्यात सोमवारी तर पुढच्यात मंगळवारी. आणि मारायला सवड त्याला सुट्टीलाच मिळायची, कामाच्या दिवशी येऊन ओंडक्यासारखा झोपायचा. म्हणून सुट्टीच्या प्रत्येक तारखेला तिने काळ्या पेनाने जाड चौकट केली. मग बाकीचं बसवलं. निळ्याने कॉलेज, हिरव्याने औषधाच्या दुकानातली नोकरी, लालने परीक्षा. काळ्या दिवशी ती लायब्ररीत आणि तिची आई माझ्या दुकानात घड्या घालायला, तेही बारीक अक्षरात लिहिलेलं. मोठी खरेदी, मैत्रिणीला अभ्यासाला बोलावणं, मनासारखं तळणबिळण, सगळं बाकीच्या दिवशी.

मला तिने हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, पाऊस कधी पडणार ते लिहावं तसा बाप लिहिलायस."

"आत्या, पाऊस परवडला," ती म्हणाली आणि निळं पेन शोधायला लागली.

मार थांबला नाही, पण निम्म्यावर आला. पहिल्या वर्षाला पोरीने चांगले मार्क आणले. भावजयीच्या अंगावरचे डाग पिवळे पडले. पिवळे म्हणजे जुने, हे आम्हा तिघींना पाठ होतं.

आणि गंमत ऐका. भावाला ते कॅलेंडर भारी आवडलं! 'बघा, बापाची सुट्टी पोरगी कशी ठळक करून ठेवते,' असं दहा जणांना सांगायचा. नव्या महिन्याची ड्युटी लागली की स्वतः फ्रिजपाशी उभा राहून वाचून दाखवायचा, आणि ती मान खाली घालून चौकटी करायची. आपल्या गळ्यात आपणच घंटा बांधून घेणारं मांजर मी पहिल्यांदा बघितलं. मला हसू आवरायचं नाही. तेव्हा आवरायचं नाही, म्हणजे.

दुसऱ्या वर्षाचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं. ते चुकलं की वर्ष गेलं, पुन्हा घेत नाहीत. तारखेला बापाची सकाळची ड्युटी, तिने दहादा तपासलं होतं. आदल्या संध्याकाळी मी तिचा इस्त्री केलेला पांढरा एप्रन घेऊन वर गेले, तर भाऊ काटेवाल्याला घेऊन आलेला. काटेवाला म्हणजे त्यांच्याकडे माल तोलणारा, सगळ्यांच्या ड्युट्याही तोच लावायचा. भावाला त्याला पोरीचं कॅलेंडर दाखवायचं होतं. बापाचा अभिमान हो, दुसरं काय!

काटेवाल्याने चहाचा कप हातात घेऊन कॅलेंडर नीट वाचलं. आयुष्यभर ड्युट्यांचे तक्ते केलेला माणूस, त्याला काय अवघड?

"पैलवान, ही तर उलटी ड्युटी आहे रे," तो म्हणाला. "तू घरात की या दोघी बाहेर. तू बाहेर की या घरात. तुला चुकवतायत तुझ्याच घरात!" आणि खो खो हसला.

भाऊही हसला. मांडीवर थाप मारून हसला. मी पोरीकडे बघितलं तर ती एप्रनच्या बाहीची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.

काटेवाल्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडून तो परत आला. मला म्हणाला, "ताई, तू खाली जा."

"नाही जात. काय करशील?"

त्याने मला उचललं. कोल्ड स्टोरेजात धड उचलतात ना, तसं कमरेत हात घालून उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी लावली.

मग जे ऐकलं ते कुणाच्या कानावर न येवो. आधी भांडी पडली. मग भावजय पडली, ते मला आवाजावरून कळलं. मी दारावर मुठी आपटल्या, लाथा घातल्या, त्याच्या नावाने शिव्या दिल्या. शेजारच्यांना हाका मारल्या. एकाने खिडकी उघडली, म्हणाला, "नवरा-बायकोचं भांडण, आपण काय बोलणार?" आणि लावून घेतली. पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. ती गाडी अजून येतेय.

आत तो पोरीला म्हणत होता, "उद्याची ड्युटी बदलून घेतली मी काटेवाल्याकडून. उद्या माझी सुट्टी. कर चौकट. कर!" तिने केली नाही. मग, हे तिनेच नंतर सांगितलं, त्याने तिच्या बोटांत पेन कोंबून वरून मूठ आवळली आणि लाल अक्षरावर काळी चौकट काढून घेतली. ती किंचाळली तेव्हा मला वाटलं घाबरून किंचाळली. उजव्या हाताची करंगळी मोडली होती. मग दाराला टेकून गादी टाकल्याचा आवाज आला, आणि तो त्या गादीवर आडवा झाला.

सकाळी मी दुकान उघडलं. वर कडी तशीच. पोरीने निघायची वेळ होत आलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली, पण दार काही माझ्याने तुटणार नव्हतं. दार आतूनच उघडायला हवं होतं. समोर टेबलावर गिऱ्हाईकाची मोठी चादर होती, परीटघडीची, पांढरीशुभ्र. उभ्या आयुष्यात मी कुणाचा एक रुमाल जाळला नव्हता. त्या चादरीची चौपदरी घडी करून जिन्याच्या पायरीवर पसरली, तापलेली इस्त्री तिच्यावर पालथी घातली आणि सोडून दिली.

धूर निघाला म्हणता! आधी पिवळा डाग, मग काळा, मग भकाभका. जिन्यातून वर चढला, दाराच्या फटीतून आत गेला. मी बोंब ठोकली, "आग! आग लागली!"

आणि बघा हां माणसांची जात. रात्रीच्या मारहाणीला एक जण आला नव्हता. आगीला अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावली. आपल्या घराला झळ लागेल ना!

वर कडी निघाली. भाऊ खोकत बाहेर आला, आणि मी इस्त्री उचलून त्याच्या दंडावर टेकवली. टेकवली म्हणजे दाबली. चर्र झालं. तो गुरासारखा ओरडला आणि त्याने मला भिंतीवर फेकलं, माझा खांदा निखळला तो तिथे. तेवढ्यात पोरगी मागून आली, अंगात एप्रन, करंगळीला चिंधी. त्याने तिचे केस धरले.

तेव्हा भावजयीने त्याच्या हाताचा चावा घेतला. पुढचे दात नव्हते, म्हणून मनगट पार दाढांपर्यंत तोंडात घातलं आणि चावली. तो दुसऱ्या हाताने तिच्या पाठीत, डोक्यात, कानशिलात गुद्दे घालत होता, ती सोडेना. रक्त तिच्या हनुवटीवरून गळत होतं, निम्मं तिचं, निम्मं त्याचं. केस सुटले तरी पोरगी तिथेच उभी. आईला टाकून जाववेना तिला.

भावजयीने क्षणभर तोंड काढलं आणि ओरडली, "जा ना गं! तारीख आहे आज!" आणि पुन्हा चावली.

पोरगी गेली. जिन्यातून, धुरातून, बादलीवाल्यांना ढकलत. आणि बादलीवाले सगळे वर बघत उभे. आता कुणाला म्हणता येईना की आम्ही पाहिलं नाही. खिडकी लावून घेणारा तो शेजारी, त्याने पहिली बादली माझ्या भावाच्या तोंडावर मारली. मग चौघांनी मिळून त्याला खाली पाडला. आगीचा बंब आला, आणि बंबामागून पोलीस आले. बंबामागून येतात वाटतं ते.

प्रॅक्टिकलला ती उशिरा पोचली, पण पोचली. एप्रनवर आईचं रक्त. परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे काय?" ती म्हणाली, "मॅडम, आधी करते, मग सांगते." फ्लास्क उजव्या हाताने हलवायचा असतो म्हणे. तिने डाव्याने हलवला. काठावर पास झाली. आमच्या घरात त्या मार्कांचे पेढे नाही वाटले कुणी, पण मी आणि भावजय जिन्यात बसून तो कागद उलटसुलट करून बघत होतो, आणि दोघींच्या डोळ्यांना धार लागली होती.

भाऊ काही दिवस आत होता. मग सुटला. घर माझं, त्यामुळे त्याचं सामान मी रस्त्यावर ठेवलं. तो आता कोल्ड स्टोरेजच्या खोल्यांत राहतो. पण जित्याची खोड! सुट्टीच्या दिवशी येतो आणि समोरच्या फुटपाथवर उभा राहतो, दंडावर माझ्या इस्त्रीचा तिकोनी डाग घेऊन. नुसता बघतो. म्हणून नव्या कॅलेंडरवरही पोरगी काळ्या चौकटी करतेच. सुट्टी कशी सरकते ते तिला तोंडपाठ आहे. त्या दिवशी दोघी घरात, पडदे ओढून.

गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडून फोन आला. भावजयीला नवे दात बसवायचे होते, तारीख द्यायची होती. पोरीने फोन कानाला धरून कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "नको, त्या दिवशी नको. बाबांची सुट्टी आहे. दुसरा दिवस द्या."

भावजय टेबलापाशी दुकानातल्या शर्टाची कॉलर ताणून घडी घालत उभी होती. तिने कपडा खाली ठेवला.

"तोच दिवस लिही," ती म्हणाली.

"अगं आई, समोर उभा असेल तो."

"असू दे. दात माझे आहेत. लिही म्हणते ना."

पोरीने काळ्या चौकटीच्या आत लाल पेनाने लिहिलं. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि दोघींना बरोबर घेऊन त्याच्या नाकासमोरून चालत गेले. पिशवीत इस्त्री घेतली होती, खोटं कशाला बोलू.