छापल्या जागेचा पत्ता

हसूदादाला सरकारी कचेरीने फसवलं, आणि त्यासाठी माझ्याही सहीचा अर्ज गायब केला. त्याला जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी आमच्या अपिलाची पुढची तारीख सांगायला फोन केला, तर त्याच्या मुलीने उचलला. "काका, बाबा पहाटे गेले..." एवढंच म्हणाली.

दादा पनवेलात चार पानी साप्ताहिक काढायचा, मी ते छापायचो. मशीनवरचा कामगार होतो, त्यातून स्वतःचा प्रेस उभा केला; घासाघीस केल्याशिवाय मी शाईचा डबाही घेत नाही. तो मला 'भांडखोर शेठ' म्हणायचा. जागा अपुरी पडली म्हणून प्रेस सुकापूरला हलवला. पेपर छापण्याची जागा बदलली की दंडाधिकाऱ्यांसमोर नवं डिक्लेरेशन, म्हणजे घोषणापत्र, करावं लागतं. दोघांनी सह्या करून अर्ज दिला. कारकुनाने चहा पाजला, साहेब रजेवर आहेत, पोच उद्या न्या म्हणाला. पोच न घेता मी उठलो तो आयुष्यातला एकच दिवस. नंतर कधीही गेलो तरी उत्तर तेच, अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, तुम्ही छापत राहा.

शेवटच्या पानाच्या तळाला छपाईचा पत्ता असतो. कागद हातात येईपर्यंत तिथे जुनाच राहू दे, असं मी सुचवलं. दादा हसला.

"कारखान्यांना आमी इचारतो, पानी कुठं सोडता ते खरं सांगा. नि आपुन कुठं छापतो तेच खोटं लिवायचं? नाय शेठ."

सुकापूरचा पत्ता छापला. कित्येक महिने कुणी चकार शब्द काढला नाही. मग खाडीत मासे मरून वर आले, आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या पाण्याचा तपासणी अहवाल कचेरीने दाबून ठेवल्याचं दादाने छापलं. लगेच नोटीस आली. बातमी खोटी आहे, असं तिच्यात कुठेही नव्हतं. नवं डिक्लेरेशन न करता जागा बदलली, एवढाच गुन्हा. पुरावा म्हणून आमचाच अंक, पत्त्याखाली लाल रेघ मारून. आणि अर्ज? दप्तरात असा अर्जच नाही...

डिक्लेरेशन रद्द झालं, पेपर बंद पडला. आम्ही अपील केलं. तरी दादा दर बुधवारी प्रेसवर यायचा, बातम्या लिहीत बसायचा. छापणार कुठे, असं मी एकदा चिडून विचारलं. "लिवलेलं तर हाय ना," म्हणाला.

त्याच सुमारास आणखी एक प्रेस हलला. तिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या निघतात. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

परवा कचेरीत मला सांगितलं, संपादक वारले, आता विषय संपला. संपला कसा? मुद्रक मी आहे आणि मी जिवंत आहे. आमचा अर्ज हातात घेणारा कारकून आणि त्याचा साहेब, दोघेही अजून नोकरीत आहेत. अर्जाचं काय केलं, ते त्यांनी सहीनिशी लिहून द्यावं.