डाव्या कोपऱ्यातला मेनू

दादाच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकायचं ठरलं ते त्याच्याच हट्टापायी. विंडोजची नवी आवृत्ती त्याच्या जुन्या मशीनवर चढत नव्हती, आणि जुन्या आवृत्तीला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत असा संदेश रोज पडद्यावर यायचा. दादा तो बंद करायचा आणि मला फोन लावायचा.

"हे रोज मले धमकी देऊन राह्यलं. तुमच्या कॉलेजात थे दुसरं चालते ना, थे टाकून दे. पण माहा गेम चालला पाह्यजे."

मी पिपरी मेघेत राहते आणि वर्ध्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. दादा माझ्याहून बराच मोठा. कारंज्याला गावाबाहेर आमचं भाजीचं शेत आहे, ते तो आणि वहिनी बघतात. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल निघाला की पहाटे पिकअप भरून दादा स्वतः हायवेने नागपूरच्या मंडीत जातो. म्हणजे तेव्हा जायचा. मंडीतून आला, जेवला, की कॉम्प्युटरवर पुन्हा ट्रक चालवायला बसायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो. गेममध्ये तो कायम इंग्लंडचे रस्ते निवडायचा, कारण तिथे आपल्यासारखं डाव्या बाजूने चालतात.

लिनक्सचं एक बरं नाही. ते एक नसतंच. शेकडो प्रकार, आणि प्रत्येकाच्या मागे आपलंच खरं म्हणणारी माणसं. मी फक्त दादाचा विचार केला. रोजचं काम काय, तर मराठीत हिशेबाची पावती, प्रिंटर, व्हॉट्सॲपवर आलेले भाव बघणं. आणि दुपारचा ट्रक. त्याला नवं काही शिकायला लागू नये म्हणून मी त्यातलं मिंट निवडलं. ते दिसायला विंडोजसारखंच. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. पेनड्राइव्ह घेऊन आर्वीमार्गे जाणाऱ्या एसटीने कारंज्याला गेले, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाकला, गेम लावून दिला. ट्रक पहिल्यापेक्षा हलका पळत होता. दादा खूश. वहिनींनी भरली वांगी केली होती. मी जेवून संध्याकाळच्या गाडीने परत आले.

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन. "मेनू गायब झाला."

"कुठं जाईन थो? खाली डाव्या कोपऱ्यात पाह्य."

"तिथं काहीच नाई."

मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, हा काय!" आणि मेनू सापडला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. लॅबमध्ये रोज कोणी ना कोणी समोरची वस्तू दिसत नाही म्हणून मला हाक मारतं.

पण तसे फोन येतच राहिले. मी कारणं शोधत राहिले, आणि कारणांना तोटा नव्हता. दादाने मॉनिटर म्हणून जुना टीव्ही लावला होता. टीव्ही कधी कधी चित्राच्या कडा कापतो. मी जाऊन ते सेटिंग नीट केलं. मग वाटलं, सिस्टमला डावीकडे दुसरा मॉनिटर असल्याचा भास होत असेल आणि पट्टी तिकडे जात असेल. तेही बघितलं. मेनूचं चित्र मोठं केलं, लाल केलं. मी शेजारी बसलेली असले की सगळं व्यवस्थित व्हायचं. मी माउस कोपऱ्याकडे न्यायची, दादाची मान माउसच्या मागे वळायची आणि तो म्हणायचा, "हा, हाये ना."

मग गेमची तक्रार सुरू झाली. "गाड्या एकदम येऊन धडकतात. पहिले दिसत नाई, मंग एकदम समोर. विंडोजमध्ये असं नव्हतं होत."

हे मला ओळखीचं वाटलं. चित्र अडखळत असेल, मधल्या चौकटी गळत असतील. मी मिंट काढून खास गेमिंगसाठी बांधलेला एक प्रकार टाकला. नवा कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा, नवा ड्रायव्हर. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचे आकडे लावून बघितले. आकडे एकदम स्थिर. तरी दादाचा ट्रक डावीकडच्या कठड्याला घासत जायचा आणि त्याला त्याची खबरच नसायची. कठड्याचा करकर आवाज आला की तो स्पीकरकडे बघायचा.

"आवाज पण खराब हाये याच्यात," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा सिस्टम बदलायला गेले तेव्हा दादा मंडीत गेला होता. फाटकातून आत येताना पिकअपच्या जागेजवळ फाटकाच्या डाव्या खांबाला ताजा ओरखडा दिसला. वहिनी ओट्याशी होत्या. मी खांबाचं विचारलं.

"आरसा पण तुटला ताई, डावीकडचा. दुसऱ्यांदा. म्हणतात खांबच पुढं आला." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "आन जेवणाचं काय झालं तेही समजत नाई. चटणी, लिंबू, कोशिंबीर, काही खातच नाईत. ताटात तसंच राह्यते. मंग मलेच म्हणतात, आज चटणी नाई वाढली काऊन?"

"डोकं दुखते का त्याचं?"

"सकाळी दुखते म्हणतात. गोळी घेऊन निघतात."

मी कॉम्प्युटरसमोर बसून ते ऐकलं. माझे हात काम करत होते. आता मी उबुंटू नावाचा तिसरा प्रकार टाकत होते, कारण त्यात मोठमोठी चित्रं पडद्याच्या डाव्या कडेला कायम उभी असतात. मेनू शोधायचाच नाही. समोरच्या चित्रावर क्लिक केलं की काम. दादासाठी याहून सोपं काही नसेल असं मला वाटलं. तो यायच्या आधीच माझी गाडी होती म्हणून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने व्हिडिओ कॉल केला. चेहरा वैतागलेला. "अवं, तू काय टाकून गेली? याच्यात तं काहीच नाई. कोरा फोटो हाये नुसता."

"मले दाखव."

त्याने फोन उलटा करून पडद्यासमोर धरला. माझ्या हातातल्या फोनवर मला ती पट्टी स्वच्छ दिसली. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चित्रं उभी होती. ब्राउझर, फाइली, प्रिंटर, आणि सगळ्यात खाली मीच ठेवलेला त्याचा ट्रक.

"दादा, डावीकडे पाह्य."

"पाहूनच राह्यलो ना! पुरा स्क्रीन पाहून राह्यलो. काय हाये तिथं?"

तो थट्टा करत नव्हता. थट्टा करताना त्याचा आवाज वर जातो, तो मला माहीत आहे. हा आवाज सरळ होता. मी लॅबमध्ये उभी होते, आजूबाजूला मुलं प्रॅक्टिकल करत होती. तीन वेळा सिस्टम बदलली. तिन्ही वेळा हरवलं ते डावीकडचंच. आणि मग ओळीने सगळं आठवलं. कठडा. खांब. आरसा. ताटातली डावी बाजू.

"दादा, तू उद्या गाडी चालवू नको," मी म्हणाले.

"काऊन? गाडीचा आन याचा काय संबंध? येडी झाली का?" आणि त्याने फोन ठेवला.

मी वहिनींना फोन करून सांगितलं की मी सकाळी पहिल्या गाडीने येते, त्याला घरीच ठेवा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त "या" म्हणाल्या.

कारंज्याच्या स्टँडवर उतरले तर समोर पिकअप उभी. दादा स्टिअरिंगवर. वहिनींनी खूप सांगूनही तो मला घ्यायला आला होता. "मंडीत नाई गेलो ना? झालं मंग. बस."

मी म्हटलं, चालत जाऊ. तो हसला आणि त्याने दार उघडलं. स्टँडसमोर भांडायला मला जमलं नाही. मी बसले, त्याच्या डाव्या बाजूला. बसल्यावर लक्षात आलं की मी नेमकी तिथे बसले आहे जिथलं त्याला काही दिसत नाही. तो बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत, जरा उजवीकडेच बघत, वांग्याच्या भावाबद्दल बोलत होता. मी हळूच हात वर केला, त्याच्या कानाजवळ नेला. त्याने काहीच केलं नाही.

शेताकडे जायला थोडं हायवेने जावं लागतं. तिथे ढाब्यांसमोर ट्रक ओळीने उभे असतात. पुढे एक ट्रक अर्धा रस्त्यावर, अर्धा कडेला उभा होता. त्याच्या मागे लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. मी वाट बघितली. दादा वळवेल आता. गाडी सरळच चालली होती. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना भीती ना घाई. तो सांभाराच्या जुडीबद्दल बोलत होता.

"दादा! ट्रक!"

मी स्टिअरिंग धरून उजवीकडे ओढलं. मागून एका गाडीने जोरात हॉर्न मारला. त्या सळ्या माझ्या खिडकीजवळून गेल्या, आणि बाजूचा आरसा, नुकताच बसवलेला, फटकन उडाला. दादाने ब्रेक मारला. गाडी थोडं पुढे जाऊन थांबली.

"कुठून आला हा?" तो म्हणाला.

"उभा होता दादा. थो पहिल्यापासून तिथंच उभा होता."

तो मागे वळून बघायला लागला. पूर्ण मान वळवल्यावर त्याला ट्रक दिसला. मग किल्ली काढून त्याने माझ्या हातात दिली. मला गाडी येत नाही. आम्ही दोघं तिथून चालत घरी गेलो. मी त्याच्या डाव्या बाजूने चालले, त्याचा दंड धरून. मध्ये एकदा तो म्हणाला, "आईले नको सांगजो." आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी "नाई सांगत" म्हणाले आणि दंड आणखी घट्ट धरला.

वर्ध्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका अर्धगोल यंत्रासमोर बसवलं. प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी आणि वहिनी मागे उभ्या होतो. ठिपके उजवीकडे आले की टकटक आवाज यायचा. मग बराच वेळ शांतता. दादाला वाटत होतं की यंत्र थांबलं आहे. आम्हाला माहीत होतं की ते चालू आहे. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे दोन्ही चांगले आहेत. डोळ्यांनी पाठवलेलं मेंदूची एक बाजू घेत नाहीये. "आणि त्यांना अंधार दिसत नाही हे लक्षात घ्या. त्यांच्यासाठी तिथे काही नाहीच. म्हणून ते तक्रारही करत नाहीत."

स्कॅनमध्ये डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडे, गाठ निघाली. कर्करोगाची नव्हती. वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आलेली होती. ऑपरेशन नागपूरला झालं. आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "रोज हायवेने जात होते, ताई."

दादा वाचला. सकाळची डोकेदुखी गेली, बोलणं पहिल्यासारखं झालं. डावी बाजू परत आली नाही. तिथे हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं की डावीकडे मान वळवायची सवय मुद्दाम लावावी लागेल, आणि त्यासाठी खुणेची लाल रेघ कामी येते. मी त्याच्या मशीनवर पुन्हा मिंट टाकलं. पट्टी उजव्या कडेला उभी केली, मेनू तिथेच वर. पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ ठेवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायचं. पावत्या त्याला आता जमतात. पिकअप वहिनी शिकल्या. सुरुवातीला मंडीत लोक बघायचे, आता कोणी बघत नाही.

गेम त्याने एकदाच लावला, माझ्यासमोर. ट्रक डेपोतून बाहेर काढला, डावीकडे मान वळवली, लाल रेघ बघितली, तोवर समोर वळण आलं. त्याने ट्रक थांबवला आणि इंजिन बंद केलं. आता तो पत्ते खेळतो. पत्ते थांबून राहतात.

गाठीचा एक लहानसा भाग शिरेजवळ होता म्हणून डॉक्टरांनी तो काढला नाही. दर काही महिन्यांनी स्कॅन करावं लागतं. पुढचं जवळ आलंय. परवा दादाचा फोन आला.

"मिंटची नवी आवृत्ती आली म्हणते. येजो शनिवारी, टाकून देजो."

"स्कॅन झाल्यावर टाकू दादा."

"आता स्कॅनचा आन त्याचा काय संबंध?"

"एका टायमाले एकच गोष्ट बदलू," मी म्हणाले. "नाई तं पुन्हा काही दिसलं नाई, तं मी मशीनलेच दोष देत बसीन."

मग त्याने विचारलं, माझ्याकडे पाऊस आहे का. मी खिडकीतून बघून नाही म्हणाले.